मॅडमची म्हातारी मंडळी

"वय किती?" हा मॅडमचा कुठल्याही बाबतीतला पहिला प्रश्न. तो विचारताना त्यांचा हात अंबाड्याकडे जायचा. अंबाड्यात चित्रकलेचा एक बारीक ब्रश खोचलेला असायचा. तो उपसून त्या समोरच्या वस्तूवर रोखायच्या आणि विचारायच्या. समोर काय आहे याला महत्त्व नसे. कॉलेजच्या फाटकापाशी लंगडणारं कुत्रं, स्टाफरूममधला कुरकुरणारा पंखा, कुणी डब्यात आणलेलं लिंबाचं लोणचं. "चांगलं हाये, पन वय किती याचं?"

एकदा नवीन आलेल्या प्राचार्यांच्या पत्नी गॅदरिंगला आल्या होत्या. बोलता बोलता गुडघे फार दुखतात म्हणाल्या. मॅडमचा हात अंबाड्याकडे गेला. आम्ही आजूबाजूचे सगळे एकदम ताटांकडे पाहायला लागलो.

"वय किती?"

बाईंचा चेहरा बदलला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुमचं नाई. गुडघेदुखीचं."

हे त्यांना पहिल्यापासूनच म्हणायचं होतं की आमची तोंडं पाहून सुचलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

आर्वीच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र या दोन विभागांना मिळून एकच लांबलचक खोली होती. मधे लाकडी कपाटांची रांग. एका बाजूला मी आणि माझी वाळलेली पानं, दुसऱ्या बाजूला मॅडम आणि त्यांची गांडुळं. मॅडम बाजारपेठेतल्या धान्य-किराण्याच्या घरातल्या. माहेर दुकानदारांचं, सासरही दुकानदारांचं. शेतीशी संबंध एवढाच की पोत्यातला दाणा पाहून तो कुठल्या गावचा ते सांगायच्या. अशा बाईंच्या मनात गांडूळ शिरलं कसं, हे तुम्हालाही विचारावंसं वाटेल. मीही विचारलं होतं.

झालं होतं असं. एका पावसाळ्यात कॉलेजच्या हिरवळीवर वाळवीचं औषध फवारलं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिमेंटच्या वाटेवर गांडुळांचा सडा. मुलं उड्या मारत, नाकं दाबत वर्गात गेली. मॅडमनी पदर खोचला, कचऱ्याची सुपली आणली आणि जिवंत दिसत होती तेवढी उचलून कुंड्यांमधल्या स्वच्छ मातीत टाकली. संध्याकाळी पाहायला गेल्या, तर बारीक बारीक पिल्लं मातीत शिरून गेली होती आणि मोठी, जाडजूड तशीच वर पडून होती. "लहान मरायला पाहिजे आन मोठं जगायला पाहिजे, असं आपल्याले वाटते की नाई?" मॅडम मला म्हणाल्या. "मंग हे उलटं काऊन झालं?"

या 'काऊन'पायी त्यांनी पुढची कित्येक वर्षं घालवली. शेणखतात वाढणारी गांडुळं त्यांनी टबांमधून पाळली. अंड्यांचे कोश वेगळे काढून ठेवायच्या, म्हणजे कोण कधी जन्मलं ते नक्की कळायचं. त्यांच्या टबांवर नावं होती. बारक्यांचा टब 'पोट्टे'. मानेशी फुगीर पट्टा आलेल्यांचा टब 'पट्टेवाले'. ज्यांचा पट्टा पुन्हा फिकट होत चालला आहे, त्यांचा टब 'म्हातारी मंडळी'.

कापसावर मारतात तेच औषध अगदी पातळ करून त्या ओल्या मातीत मिसळायच्या, तिन्ही वयांची गांडुळं थोडा वेळ त्यात ठेवायच्या आणि मग स्वच्छ मातीत हलवायच्या. मग अंबाड्यातला ब्रश निघायचा. ओला करून त्याचं टोक एकेकाला हळूच लावायचं, अंग आखडतं का ते पाहायचं. औषधात सोडण्यापूर्वी त्या दर वेळी पुटपुटायच्या, "माफ करजा बाप्पा." मी कपाटाच्या फटीतून ऐकायचो. एकदा हसलो तर म्हणाल्या, "सर, तुमी पानं तोडता तवा काही म्हनत नाई वाटते?" तेव्हापासून पान तोडताना माझ्याही तोंडी काहीतरी यायला लागलं.

आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. दुपारी नळाच्या पाण्याने हात भाजतो. आमच्या त्या खोलीला एकच कूलर होता आणि त्याचं तोंड कायम टबांकडे. मी तक्रार केली तर मॅडम म्हणाल्या, "आपल्याले घाम येते. त्यायले येत नाई. मंग हवा कोनाले पाह्यजे?" मी खुर्ची उचलली आणि गांडुळांशेजारी जाऊन बसलो. एप्रिल उजाडला की हळूहळू सगळा स्टाफच तिकडे सरकायचा. प्राचार्यांनी एक महत्त्वाची बैठकसुद्धा तिथेच घेतली. बैठकीत आवाज चढला की मॅडम टबांवरची ओली गोणपाटं नीट करत म्हणायच्या, "हळू बोला, मंडळी झोपली हाये." बैठक लवकर आटोपली.

भौतिकशास्त्राच्या सरांना मासेमारीचा नाद होता. रविवारी गळ घेऊन धरणावर जायचे. ते एकदा टबात डोकावून म्हणाले, "मॅडम, त्या म्हाताऱ्यांपैकी मूठभर द्या की. नाहीतरी आता मरणारच आहेत." सोमवारी सरांच्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला, बाजारातून आणलेला एक चांगला भरभक्कम मासा. मॅडमच्या घरात लसूणसुद्धा चालत नसे. तो मासा त्यांनी घेतला कसा आणि आणला कसा, हे त्याच जाणोत. सरांना एवढंच म्हणाल्या, "हा घ्या. आता मंडळीकडे नजर नाई टाकाची." सरांनी टाकली नाही. उलट नंतर तेच घरच्या केळीची सालं आणून द्यायला लागले.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या घरचं आहे.

माझे बाबा आंजीला राहायचे, धाकट्या भावाकडे. मी आर्वीला, नोकरीमुळे. बाबा अंगाने काटक आणि स्वभावाने त्याहून काटक. त्या वर्षी श्रावणात कापसावर कीड पडली. फवारणीला यायचा तो माणूस आला नाही, म्हणून धाकटा दुसरा माणूस शोधायला गेला. तेवढ्यात बाबांनी पंप पाठीवर घेतला, दुपट्टा नाकाला गुंडाळला आणि निघाले. वारा समोरून होता. धाकटा परत आला तेव्हा बाबा शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून ओकत होते. तोंडातून लाळ, अंग घामाने भिजलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. त्याने त्यांना तसंच गाडीत घातलं आणि वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा सलाईन चालू होतं आणि डॉक्टर एकामागून एक इंजेक्शनं देत होते.

पण बाबांनी दोन दिवसांत उचल खाल्ली. बसायला लागले. चहा मागायला लागले. मिळाला तर साखर कमी आहे म्हणायला लागले. आणि मग एकच धोशा, घरी चला. पोळा तोंडावर आला होता. बैल सजवायला आपण नाही, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. डॉक्टर तरुण होते, पण समजावून सांगायचे. विष उतरलंसं वाटतं आणि मग मागाहून श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात, वयही झालं आहे, आणखी काही दिवस नजरेखाली राहू द्या. बाबांना हे ऐकूच जायचं नाही. धाकटाही डळमळला होता. वावर उघडं पडलं होतं, घरी बायको एकटी. "दादा, ते त चांगले दिसून राह्यले," तो मला बाहेर घेऊन म्हणाला. "इथं ठिवून उगाच मन खचन त्यायचं." खरं सांगायचं तर मलाही ते पटायला लागलं होतं. सही करून घरी न्यायचं, असं आमचं जवळपास ठरलं.

त्याच सकाळी मॅडम आर्वीहून एसटीने आल्या. हातात मऊ भाताचा डबा. बाबांना त्या आधी एकदोनदाच भेटल्या होत्या, पण बाबांना आयता पंच मिळाला.

"मॅडम, आता तुमीच सांगा. मी ठणठणीत बसून राह्यलो. पोळा आला. बैल कोन सजवनार?"

मॅडमनी स्टूल ओढलं. "काकाजी, वय किती?"

"असन सत्तर."

"असन नाई. बरोबर सांगा."

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. "पंच्याहत्तर पुरे झाले."

"माह्याकडे गांडुळं हायेत," मॅडम म्हणाल्या.

"मालूम हाये. पोरगा सांगते."

"तुमी फवारलं तेच औषध मी त्यायले देते. लय पानी घालून. पोट्टे लगेच वळवळतात, आंग टाकून देतात. पन साफ मातीत ठेवले की उठून चालू लागतात. पट्टेवाले जवान त त्याच्याहून बरे."

"आन म्हातारे मरतात," बाबा म्हणाले.

"नाई. म्हाताऱ्यायले पहिले काहीच होत नाई. तोच त घोळ हाये. ब्रश लावला की आखडतात, चांगले दिसतात. आपल्याले वाटते, निभावलं. मंग मागून ढिले पडत जातात."

"म्हंजे मी गांडूळ झालो का?"

"गांडूळ बरं, काकाजी. ते घडीघडी च्या मागत नाई."

बाबा हसले. हसता हसता खोकले. धाकटा पाणी घेऊन पुढे आला. पाणी पिऊन झाल्यावर बाबांनी ग्लास तसाच हातात धरून ठेवला. त्यांनी आयुष्यभर माती उलथली होती. गांडुळाची गोष्ट त्यांच्या कानावरून घरंगळून जाणारी नव्हती. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "मंग उठले का ते म्हातारे?"

मॅडमनी हातातला डबा खाली ठेवला. "जे ओल्या मातीत पडू देले, ते बरेचसे उठले. टाइम लागला, पन उठले. पहिल्या खेपेले मी घाई केली होती. चांगले दिसले म्हनून मोठ्या टबात सोडून देले, बाकीच्यायसंग. ते गेले."

"सगळे?"

"सगळे."

मॅडमचा आवाज मी इतका बारीक झालेला कधी ऐकला नव्हता.

"मानसाचं गांडुळासारखंच होते, असं मी म्हनत नाई," त्या पुढे म्हणाल्या. "मानसाचं डॉक्टरले मालूम. पन डॉक्टरबी राहा म्हनून राह्यला, त राहा."

"आन पोळा?"

"पोळ्याचं मी पाहते."

हे ऐकून मी चमकलो. मॅडम बैलाला किती घाबरतात ते मला ठाऊक होतं. बाजाराच्या दिवशी बैलगाडी समोरून आली तर त्या कुठल्याही दुकानात शिरून, नको असलेली वस्तू विकत घ्यायच्या. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी ग्लास धाकट्याच्या हातात दिला, उशीवर पाठ टेकली आणि म्हणाले, "ठीक हाये. ठेवा मंग ओल्या मातीत."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांना मान उचलता येईना. आधी आम्हाला वाटलं, झोपेत आहेत. मग पाहिलं तर डोळे उघडे होते आणि श्वास अर्ध्यातच संपत होता. नर्स धावली, डॉक्टर आले, पडदा ओढला गेला. बाबांना श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. "इथे होते म्हणून हे करता आलं," एवढंच म्हणाले. धाकटा भिंतीला टेकून खाली बसला. आदल्या दिवशी सही करायला काढलेला पेन अजून त्याच्या खिशाला होता.

मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आता आपन काही कराचं नाई. वाट पाहाची. पोळ्याले धाकट्याले घरी पाठवजा, मी आंजीले जाते."

पोळ्याच्या दिवसाची हकिकत धाकट्याने नंतर इतक्या वेळा सांगितली आहे, की ती मी डोळ्यांनी पाहिल्यासारखीच वाटते. मॅडम आल्या. गोठ्याच्या दाराशी थांबल्या. ब्रश उपसून दुरूनच विचारलं, "यायचं वय किती?"

"दोन्ही म्हातारे हायेत, मॅडम."

"मंग ठीक हाये. म्हातारं जनावर समजून घेते."

आणि हात जितका लांब करता येईल तितका करून, तोंड दुसरीकडे फिरवून त्यांनी शिंगं रंगवायला घेतली. तोच बारीक ब्रश. त्या ब्रशने एक शिंग रंगवायचं म्हणजे पिंपळाचं झाड कंगव्याने विंचरण्यासारखं. धाकट्याने मोठा कुंचला पुढे केला तर म्हणाल्या, "हाताले याचीच सवय हाये." उजव्या बैलाने माशी उडवायला मान झटकली, त्यासरशी मॅडम बैलगाडीच्या मागे. परत आल्या तेव्हा शिंगाचा अर्धा रंग त्यांच्या गालावर होता. बेगड लावलं, झुली घातल्या, धाकट्याच्या बायकोने पुरणपोळीचा घास भरवला. मॅडमनी दुरून हात जोडले आणि फोटो काढून मला पाठवला.

बाबांच्या तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं. मी फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी बैल पाहिले. मग बोटाने खूण केली, मोठं कर. मी फोटो मोठा केला. कोपऱ्यात गालाला निळा रंग लागलेल्या मॅडम होत्या, बैलापासून जितकं दूर राहून फोटोत येता येईल तितक्या दूर. बाबांचं पोट हललं. नर्स घाबरून आली. ते हसत होते.

यंत्र सुटलं, पण बाबा पूर्वीसारखे व्हायला फार वेळ लागला. दिवाळी झाली तरी हाताला कंप होता, चमच्यातली भाजी सांडायची. आम्ही धास्तावायचो. मॅडम रविवारी येऊन बसायच्या आणि आम्हालाच दटावायच्या. "घाई तुमाले हाये. त्यायच्या आंगाले नाई. आंगाले आपला टाइम घेऊ द्या." बाबा त्यांच्याशी गांडुळांबद्दल बोलायचे. काय खातात, किती जगतात, आंधळी असून उजेड त्यांना कसा कळतो. कापसाच्या वेचणीच्या शेवटी शेवटी बाबा काठी न घेता गोठ्यापर्यंत गेले. मॅडम ओट्यावर बसून पाहत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

मग त्या निवृत्त झाल्या. मुलगी हैदराबादला, तिला बाळ झालेलं, जाणं भाग होतं. टबांचं काय करायचं हा प्रश्न आला. पोट्टे आणि पट्टेवाले शेतकऱ्यांनी खतासाठी हौसेने नेले. म्हातारी मंडळी कुणाला नको होती. मॅडम तो टब मांडीवर घेऊन एसटीने आंजीला आल्या. कंडक्टरने आत काय आहे विचारलं, तर म्हणाल्या, "पेन्शनर." बाबा फाटकाशी उभे होते. वावरात सोडू म्हणाले.

"वावरात नाई जगायची, काकाजी. ही शेणातली जात हाये."

मग दोघांनी मिळून गोठ्यामागे, कडुनिंबाच्या सावलीत, जुन्या शेणखताचा एक लहानसा ढीग निवडला. मॅडमनी हाताने खळगा केला. बाबांनी वर छत्री धरली, ऊन लागायला नको म्हणून. मंडळी हळूहळू आत गेली. शेवटचं अंग ओढून दिसेनासं होईपर्यंत दोघंही तिथून हलले नाहीत.

मॅडम हैदराबादला गेल्या त्याला आता बरेच दिवस झाले. आमच्या त्या खोलीत आता संगणक आहेत आणि कूलरचं तोंड माणसांकडे आहे. बाबा पंपाला हात लावत नाहीत, पण फवारणीच्या दिवशी खाट गोठ्यामागे टाकून बसतात. मागच्या हंगामात फवारणीवाला पंप धुवायला तिकडे वळला, तर बाबा सावकाश उठून आडवे उभे राहिले. "इकडं नाई भाऊ. इकडं मॅडमची मंडळी हाये." तो बिचारा कोणी पाहुणे आले असावेत म्हणून इकडेतिकडे पाहत परत गेला.

परवा मी आंजीला गेलो, तेव्हा बाबा ढिगापाशी उकिडवे बसले होते. हैदराबादहून मॅडमचा व्हिडिओ कॉल चालू होता. एका हाताने बाबा खत बाजूला सारत होते, दुसऱ्या हातात फोन. "हे पाहा, हे एक. आन हे, त्याच्या बाजूले. पिल्लंबी झाले, मॅडम. दिसून राह्यले का?" मी जवळ जाऊन पाहिलं. बाबांनी फोन उलटा धरला होता. मॅडमना कडुनिंबाचा शेंडा आणि वरचं आभाळ याखेरीज काहीही दिसत नसणार.

"दिसले, काकाजी," फोनमधून आवाज येत होता. "सगळे दिसले."